पुतळा कसा घडतो : हुसेनसागराच्या काठावरून

(हैदराबाद येथील मराठी भाषिकांच्या सभेत विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या मंडळाच्या आवारात एक अर्धपुतळा बसविण्याचा विचार चालू असून, त्या निमित्ताने पुतळा कसा घडतो याविषयी चार शब्द सांगावेत, असे संयोजकांनी मला कळविले. मी शिल्पकार नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन शासनाच्या प्रसिद्धी विभागात आले, आणि गेल्या वीस वर्षांत अनावरणाचे कितीतरी समारंभ जवळून पाहिले. पडदा दूर सारण्याच्या क्षणाची छायाचित्रे आमच्या दप्तरी ढिगाने आहेत. पडदा चढविण्यापूर्वी काय घडले, याची छायाचित्रे मात्र शोधावी लागतात. आज बोलावयाचे आहे ते त्या आधीच्या काळाविषयी.

त्यासाठी आपणांस दूर जावे लागणार नाही. १५६२ साली बांधलेल्या हुसेनसागराच्या परिसरात दोन भव्य पुतळे आहेत. पाण्याच्या मध्यभागी भगवान बुद्धांची उभी मूर्ती आहे, आणि काठावर, सचिवालयाच्या शेजारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा आहे. गुरू आणि अनुयायी असे हे समोरासमोरचे दर्शन आपण येताजाता घेतो. परंतु घडणीच्या दृष्टीने पाहिले तर या दोन शिल्पांइतकी परस्परविरुद्ध उदाहरणे एका दृष्टिक्षेपात क्वचितच सापडतील. एक केवळ काढून टाकण्याने घडले आहे; दुसरे केवळ जोडत जाण्याने.

प्रथम दगडाचा विचार करू. मराठवाड्यातून हैदराबादेस येणाऱ्या प्रवाशाला, भाषा बदलण्याच्या आधी दगड बदललेला दिसतो. आपल्याकडचा काळा पाषाण हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथील करडा-गुलाबी ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. वेरूळचे कैलास लेणे त्या काळ्या पाषाणात वरून खाली कोरीत आणले गेले. तेथेही काढून टाकणे हीच रीत होती. ग्रॅनाइटात गारगोटीचा अंश मोठा असल्यामुळे छिन्नीची धार लवकर बोथट होते. म्हणून ग्रॅनाइटावर काम करणाऱ्या पाथरवटांबरोबर हत्यारे शेवटणारा लोहारही असावा लागतो. दिवसभर एक घडवितो आणि दुसरा धार लावतो.

हुसेनसागरातील बुद्धमूर्तीची कल्पना आंध्र प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांची. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून त्यांना ती सुचली, असे सांगितले जाते. शिल्पकार होते एस. एम. गणपती स्थपती. भोनगीरजवळच्या रायगीर येथे योग्य असा अखंड कातळ मिळाला आणि १९८५ साली काम सुरू झाले. मूर्ती सुमारे १८ मीटर उंच आणि वजनाने सुमारे ३५० टन आहे.

अखंड कातळातून मूर्ती काढण्याची रीत थोडक्यात अशी. कातळावर रेघ आखून त्या रेघेवर ओळीने भोके पाडतात. प्रत्येक भोकात दोन पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर घालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचरांवर क्रमाने घाव घालीत जातात. घाई करून एकाच पाचरेवर जोर दिला तर दगड भलतीकडे फुटतो. सर्व पाचरांवर सारखा ताण आला म्हणजे रेघेवरच उकलतो. पाथरवट हे कानाने ओळखतात. घावाचा आवाज खणखणीत आहे तोवर दगड निरोगी. आवाज बद्द झाला की आत कोठेतरी चीर आहे. मग ताल-मानाच्या हिशेबाने आडव्या-उभ्या रेघा आखून ढोबळ आकार उघडा पाडतात, आणि मापे पुन्हा पुन्हा घेत वस्त्राच्या चुण्यांपर्यंत, बोटांच्या पेरांपर्यंत येतात. या पद्धतीत चुकीला क्षमा नाही. मातीचे नाक मोडले तर पुन्हा लावता येते; अखंड दगडाचे नाक उडाले तर सबंध चेहराच तेवढा मागे न्यावा लागतो.

मूर्ती घडली, तरी ती अजून रायगीरला होती आणि बसवावयाची होती तलावाच्या मध्यावर. शहरात तिच्या वाहनासाठी रस्ते रुंद करावे लागले. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना काठापासून थोड्याच अंतरावर ती घसरून पाण्यात गेली, आणि कामावरील काही माणसे तिच्याबरोबर बुडून मरण पावली. मूर्ती दोन वर्षांहून अधिक काळ तलावाच्या तळाशी पडून होती. अखेर ती वर काढण्यात आली आणि १ डिसेंबर १९९२ रोजी चौथऱ्यावर उभी राहिली. ग्रॅनाइटास पाण्याने काहीही झाले नव्हते. तेथे नावेने जाणाऱ्या प्रवाशांना मूर्तीची उंची आणि वजन सांगितले जाते. त्या कामगारांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतील, याचे उत्तर आपण मनाशी द्यावे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण म्हणतो, पण ती म्हण दगडाविषयी आहे. दगड हलविणाऱ्यांविषयी आपल्या भाषेत तशी म्हण नाही.

आता काठावर येऊ. बाबासाहेबांच्या पुतळ्याचे भूमिपूजन १४ एप्रिल २०१६ रोजी झाले आणि अनावरण १४ एप्रिल २०२३ रोजी. जुन्या संसदभवनाच्या वर्तुळाकृती आकाराची आठवण देणारा ५० फुटांचा चौथरा आणि त्यावर १२५ फुटांचा पुतळा, असे हे १७५ फुटांचे काम आहे. या नगराशी बाबासाहेबांचा संबंध होता. उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली त्यांना सन्माननीय डी. लिट्. ही पदवी दिली होती. पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार आणि त्यांचे सुपुत्र अनिल सुतार हे आहेत, हे आपणा मराठी लोकांस विशेष जवळचे वाटावे.

राम वनजी सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी झाला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९५३ साली त्यांना मेयो पदक मिळाले. १९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्याच्या सेवेत होते आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या डागडुजीचे काम करीत होते. त्या वेळी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, ती लेणी हैदराबाद राज्यात होती! हैदराबादचा १२५ फुटी पुतळा घडविणाऱ्या हातांना जुन्या दगडाचा परिचय झाला तो याच राज्याच्या भूमीवर. पुढे ते दिल्लीस केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या प्रसिद्धी शाखेत प्रतिमाकार म्हणून नोकरीस लागले. आमच्या व्यवसायाचा त्यांच्याशी जडलेला एवढाच संबंध, आणि तोही त्यांनी लवकरच सोडला, हे बरे झाले. चंबळ नदीवरील गांधीसागर धरणाजवळ त्यांनी केलेले ४५ फुटी चंबळदेवीचे शिल्प काँक्रीटचा ठोकळा ओतून, मग तो छिन्नीने कोरून काढलेले आहे. जोडणे आणि काढणे या दोन्ही रीती त्यात एकत्र आल्या. गुजरातेतील सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांचाच. तो २०१८ साली पूर्ण झाला. पद्मश्री, पद्मभूषण आणि २०२४ चा महाराष्ट्रभूषण हे सन्मान त्यांस लाभले. वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथे त्यांचे निधन झाले.

ब्राँझच्या पुतळ्याची सुरुवात मातीपासून होते. लोखंडी सळ्यांचा सांगाडा करून त्यावर ओली माती चढवितात. सळईला लाकडाचे छोटे तुकडे तारेने लटकविलेले असतात, म्हणजे मातीला धरून राहण्यास आधार मिळतो. नाहीतर मान आणि खांदे आपल्याच भाराने खाली बसतात. माती सतत ओली ठेवावी लागते. रात्री ओले फडके गुंडाळून झाकून ठेवतात. माणसाचा चेहरा येतो तो या टप्प्यावर. छायाचित्रांवरून काम करताना शिल्पकारास सर्वांत जास्त अडचण पडते ती कानामागची आणि मानेची, कारण छायाचित्रकारांनी तिकडे कधी लक्षच दिलेले नसते. आपल्या अर्धपुतळ्यासाठी छायाचित्रे गोळा कराल, तेव्हा समोरून काढलेली वीस देण्यापेक्षा बाजूने काढलेली दोन शोधून द्यावीत.

उंच पुतळ्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो. खालून पाहणाऱ्यास डोके लहान आणि पाय मोठे दिसतात. म्हणून डोके व खांदे प्रमाणापेक्षा किंचित मोठे करावे लागतात. समोरासमोर पाहिले तर हे प्रमाण चुकीचे वाटते, आणि मान्यता देणाऱ्या समितीतील सभासद नेमके समोरासमोरच पाहत असतात! अशा वेळी नमुना उंच मंचावर ठेवून दाखविण्याची पद्धत चांगली. लहान नमुन्यावरून मोठा आकार काढण्यासाठी पूर्वी ओळंबे आणि चौकटी लावून हाताने मापे घेत. आता नमुन्याचे संगणकीय मापन करून थर्माकोलचे थर यंत्राने कापतात आणि त्यावर मातीचा हात फिरवितात. वेळ वाचतो, हे खरे. शेवटचा हात मात्र माणसाचाच लागतो.

या नमुन्यावरून प्लास्टर किंवा रबराचा साचा घेतला जातो, आणि साच्यावरून ओतकाम. ओतकामाची जुनी रीत मेणाची. साच्याच्या आतल्या अंगास मेणाचा पातळ थर देतात. धातूची जाडी या थराइतकीच येणार असते. मेणाच्या पोकळ आकृतीत गाभा भरतात आणि तो हलू नये म्हणून आरपार खिळे ठोकतात. बाहेरून मेणाच्याच नळ्या जोडतात. काही धातू आत जाण्यासाठी, काही हवा बाहेर पडण्यासाठी. मग सर्वांवर मातीचे लेप चढवून भट्टीत भाजतात. मेण वितळून वाहून जाते आणि त्याने सोडलेल्या पोकळीत हजार अंश सेल्सियसहून अधिक तापलेला रस ओततात. ओतण्यास सुरुवात झाली की थांबता येत नाही. मध्ये खंड पडला तर त्या जागी सांधा राहतो आणि कास फुकट जाते.

ही विद्या परदेशातून आलेली नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात ती सविस्तर वर्णिलेली आहे. मेणाच्या वजनावरून किती धातू घ्यावा हेही त्यात सांगितले आहे. मेणापेक्षा ब्राँझ सुमारे नऊ ते दहा पट जड असते. मेण तोलले की धातूचा हिशेब हाती येतो. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, येथून काही तासांच्या अंतरावर. आपल्याच परिसरातील या ज्ञानाचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या अक्षरांत का नसावा, असे मला नेहमी वाटते.

लहान पुतळा मेणाच्या रीतीने, क्वचित एकसंधही, ओतता येतो. शिल्पकार वि. पां. करमरकर यांचा पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली अनावृत झाला. तो मुंबईस माझगाव गोदीत एकसंध ओतलेला आहे, आणि त्या काळचे ते धाडसच म्हटले पाहिजे. परंतु शंभर फुटांचा पुतळा एकसंध ओतणे अशक्य. तो शेकडो तुकड्यांत ओततात, बहुधा वाळूच्या साच्यात. क्रमांक घालून तुकडे जागेवर आणतात आणि वेल्डिंगने जोडतात. येथून जवळ मुचिंतल येथे रामानुजाचार्यांचा २१६ फुटी पंचधातूचा पुतळा २०२२ साली अनावृत झाला. त्याचे तुकडे तर चीनमध्ये ओतून समुद्रमार्गे आणले होते.

अशा पुतळ्याची धातू ही केवळ कातडी असते. काही मिलिमीटर जाडीची ही कातडी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिला उभे करतो तो आतला पोलादी सांगाडा, जो कोणालाही दिसत नाही. बाबासाहेबांचा उजवा हात पुढे उचललेला आहे. त्या हाताचा सर्व भार खांद्याच्या आत असलेल्या पोलादावर येतो, आणि तलावावरून वारा सुटला म्हणजे तोच हात शिडासारखा वारा धरतो. शिवाय धातू उन्हाने वाढते. पहाट आणि दुपार यांत धातूच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर १२५ फूट उंचीची ब्राँझ सुमारे दोन सेंटिमीटरने लांबते. साधे पोलाद तेवढे लांबत नाही. दोघांना घट्ट जखडून टाकले तर दररोज त्यांची ओढाताण होते आणि सांधे सैल पडत जातात. याहून वाईट गोष्ट अशी की ब्राँझ आणि लोखंड यांचा ओलाव्यात स्पर्श राहिला तर ब्राँझ सुरक्षित राहते आणि लोखंड गंजून झिजते. बाहेरून पुतळा तेजस्वी दिसत असतो आणि आतून पोकळ होत असतो.

रामारावांना जिच्यावरून कल्पना सुचली त्या स्वातंत्र्यदेवतेचे नेमके हेच झाले होते. १८८६ सालच्या त्या पुतळ्याची कातडी तांब्याची, सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची, आणि आतील पट्ट्या लोखंडाच्या. दोहोंमध्ये घातलेले अस्तर काळाच्या ओघात कुजले आणि लोखंड गंजले. १९८४ ते १९८६ या काळात त्या पट्ट्या काढून तेथे गंजरोधक पोलाद बसवावे लागले. शंभर वर्षांनी दुरुस्ती करता आली, कारण आत शिरण्यास जिना होता.

आमच्या राज्यात अशी संधी एका ठिकाणी मिळाली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौसेना दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी, तो कोसळला. प्रत्येक मराठी मनाला ती घटना लागली, आणि शासकीय सेवेत असलेल्या आम्हां मंडळींना तर अधिकच. गंज, सदोष वेल्डिंग आणि सांगाड्याची कमकुवत रचना ही कारणे चौकशीत पुढे आल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. राजकीय वादविवाद पुष्कळ झाले. त्यांत मी पडत नाही. मला त्यातील एक तांत्रिक मुद्दा आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा उभारावयाचा झाल्यास मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. चेहरा व्यक्तीशी जुळतो का, वेश आणि शस्त्रे योग्य आहेत का, हे तेथे पाहिले जाते. व्यवस्था चांगली आहे. परंतु राजकोटच्या बाबतीत मान्यता होती ती सहा फुटी नमुन्यास, असे संचालकांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांतून आले. सहा फुटांचे पस्तीस फूट झाले म्हणजे काय झाले, याचा हिशेब करून पाहा. उंची सुमारे सहापट झाली. वारा अडविणारा पृष्ठभाग सहापट नव्हे, सुमारे चौतीसपट झाला. आणि तो वारा आता सहापट उंचीवरून ढकलणार असल्यामुळे पुतळ्यास उलथविणारा जोर सुमारे दोनशेपट झाला. मातीच्या नमुन्यात यातले काहीही दिसत नाही. नमुना शिल्पकाराच्या नजरेची परीक्षा घेतो. सांगाड्याची परीक्षा त्यात होत नाही, आणि समुद्रावरच्या खाऱ्या, जोरकस वाऱ्याची तर नाहीच नाही.

त्याच जागी नवा, सुमारे ६० फुटी ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला आणि ११ मे २०२५ रोजी त्याचे लोकार्पण झाले. हे काम सुतार यांच्या संस्थेकडे होते. आतील सांगाडा गंजरोधक पोलादाचा आहे, आणि दहा वर्षांची देखभाल ही करारातील अट आहे. ही देखभालीची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण अनावरणाच्या दिवशी पुतळ्याचे काम संपते अशी आपली सर्वांची समजूत असते.

या समजुतीस आम्ही प्रसिद्धी खात्यातील लोकही काही अंशी कारण आहोत. आमच्या कामाच्या पद्धतीत तारीख आधी ठरते. जयंती, पुण्यतिथी, स्थापनादिन. पत्रिका छापावयास जातात, आणि मग माती, साचा, भट्टी, वेल्डिंग या सर्वांना त्या तारखेच्या मागे धावावे लागते. माती ओली ठेवण्यास, साचा वाळण्यास, ओतकाम थंड होण्यास लागणारा वेळ कोणत्याही परिपत्रकाने कमी होत नाही. घाई होते ती कोठे? चेहऱ्यात होत नाही, कारण चेहरा सर्वांना दिसतो. ती आतील सांध्यांत होते.

जोडणे आणि काढणे यांचा मेळ कसा बसतो हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आपल्या सालारजंग संग्रहालयात जाऊन अवगुंठित रिबेकेची संगमरवरी मूर्ती पुन्हा एकदा सावकाश पाहावी. इटालियन शिल्पकार बेंझोनी याच्या कार्यशाळेतून पहिल्या सालारजंगांनी ती १८७६ साली खरेदी केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे शिल्पकार प्रथम मातीत आकृती घडवी, तिचे प्लास्टर होई, आणि प्लास्टरवरील शेकडो बिंदू टोकदार मापकाने संगमरवरावर उतरवून कारागीर दगड काढीत जात. म्हणूनच याच रिबेकेच्या आणखी प्रतीही जगात आहेत. चेहऱ्यावरील तो पारदर्शक बुरखा पाहून लोक थक्क होतात. प्रत्यक्षात तेथे वस्त्र नाही आणि पारदर्शकताही नाही. कोठे किती सावली पडावी हे ठरवून कोरलेली दगडाची उंचसखल पातळी आहे. संगमरवर ग्रॅनाइटाच्या मानाने मऊ, म्हणून हे शक्य झाले. तोच बुरखा रायगीरच्या कातळात कोरणे कोणालाही कठीण गेले असते.

आता आपल्या अर्धपुतळ्याविषयी. तो अडीच-तीन फुटांचा असेल तर वारा आणि तापमान यांची चिंता फारशी नाही. पण तीन-चार गोष्टींचा आग्रह जरूर धरावा. ब्राँझमध्ये तांबे, कथील, जस्त व शिसे किती, हे करारात लिहून घ्यावे आणि ओतकामाच्या वेळी काढलेल्या तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. फायबरवर ब्राँझचा रंग दिलेले पुतळे स्वस्त असतात आणि पहिली दोन वर्षे दिसतातही सुरेख. उन्हात ते तडकतात. मातीचा नमुना पाहावयास सर्व पदाधिकाऱ्यांनी एकदम न जाता, ती व्यक्ती ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली आहे अशा दोन वडीलधाऱ्या माणसांना न्यावे. त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली तर नमुना साधला. आणि भूमिपूजनाच्या दिवशी अनावरणाची तारीख कृपया जाहीर करू नये. साचे करणारे, ओतकाम करणारे, घासकाम करणारे यांची नावे चौथऱ्याच्या मागील बाजूस कोरता आली तर उत्तमच. तेवढी जागा मान्यवरांच्या नावांतून निश्चित काढता येईल.

पुतळा बसल्यानंतर त्याची निगा अगदी साधी आहे. वर्षातून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि मेणाचा हलका हात द्यावा. ब्राँझवर येणारी तपकिरी-हिरवट झाक हा मळ नव्हे. रसायनांनी मुद्दाम आणलेला आणि पुढे हवेने पक्का केलेला तो थर धातूचे रक्षण करतो. चिंच लावून तो घासून काढू नये. जयंतीच्या आदल्या दिवशी सोनेरी ऑइलपेंट चढविण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिने बारीक नक्षी भरून जाते आणि शिल्पकाराने महिनाभर खपून आणलेली डोळ्यांची कड दोन तासांत बुजते. दुधाचा अभिषेक केलाच तर त्याच दिवशी धुऊन काढावा. हार सुतळीत ओवलेले असावेत, लोखंडी तारेत नकोत. आणि पुतळ्याच्या तळाशी एक लहानसे छिद्र ठेवलेले असते, आत साचणारा ओलावा निघून जाण्यासाठी. चौथऱ्याला गिलावा करताना गवंडी ते हमखास सिमेंटने बुजवितो. त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी तेथे उभे राहावे.